विहिरीतली पांढरी शीर आणि हट्टीचा दगड: आयसोटोपवरून यांचा माल कुठून आला ते कळतं का?

सायली_अक्कलकोट

नमस्कार. मी सोलापुरात एम.एस्सी. जिऑलॉजीच्या पहिल्या वर्षाला आहे, गाव अक्कलकोट तालुक्यात. यंदा आप्पांनी विहीर आणखी खोल नेली. मुरूम संपून काळा कातळ लागला आणि सुरुंग उडवल्यावर कातळात एक पांढरी शीर उघडी पडली. चार बोटं जाड, जवळजवळ उभी. मधोमध पोकळी आहे आणि दोन्ही बाजूंनी टोकदार स्फटिक आत वाढत आलेत.

दुसरा दगड घरात आधीपासून आहे. मामा हट्टीच्या सोन्याच्या खाणीत नोकरीला होते, रायचूर जिल्ह्यात. त्यांनी दिलेल्या तुकड्यात करडा-पांढरा क्वार्ट्झ आहे, कडेला काळपट हिरवा खडक, आणि दोन्हीच्या सांध्यावर चांदीच्या रंगाचे बारीक दाणे. मामा म्हणतात ते आर्सेनोपायराइट, म्हणजे लोखंड, आर्सेनिक आणि गंधकाचं खनिज.

पुस्तकात एकच वाक्य आहे: ‘सल्फर आयसोटोपचं मूल्य शून्याजवळ, म्हणून स्रोत मॅग्मा.’ बस, पुढचा धडा. पण शून्याजवळ म्हणजे कशाच्या तुलनेत? आणि एवढ्यावरून स्रोत कसा ठरतो? या दोन दगडांवर ही पद्धत लावायची झाली तर नेमकं काय मोजायचं? कुणी प्रत्यक्ष काम केलं असेल तर सांगा प्लीज.

बागायतदार_बार्शी

ताई, आमच्याकडे बऱ्याच विहिरींना अशा पांढऱ्या शिरा लागतात. आमच्या विहिरीत तर पाणी शिरेच्या कडेनेच पाझरतं. सोन्याचं मला कळत नाही, पण एक विचारतो. पाण्यालाही हे आयसोटोप लागू होतात का? विहिरीचं पाणी पावसाचं की उजनीच्या कालव्याचं, हे सांगता येतं का? आमच्या शिवारात यावरून दर वर्षी वाद होतो.

खाणकाका_होटगीरोड

सायली, ‘शीर कुठून आली’ असं विचारलंस तर आयसोटोप काहीच सांगत नाहीत. शिरेतलं गंधक कुठलं, शिसं कुठलं, पाणी कुठलं, कार्बन कुठला, असं एकेकाला वेगळं विचारावं लागतं आणि बऱ्याचदा चौघांची गावं चार निघतात. आपल्या सोलापुरी चादरीचं घे. चादर सोलापूरची यात वाद नाही, पण कापूस कुठल्या शिवारातला, सूत कुठल्या गिरणीचं, रंग कुठून मागवला, याची उत्तरं वेगवेगळी. शिरेचंही तसंच. माझी सगळी नोकरी आधी राजस्थानात शिसं-जस्त आणि मग कर्नाटकात सोनं शोधण्यात गेली. हा विषय माझ्या फार जिव्हाळ्याचा आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आयसोटोप म्हणजे एकाच मूलद्रव्याचे वेगवेगळ्या वस्तुमानाचे अणू. आधी गंधक. निसर्गातल्या गंधकाच्या शंभर अणूंमागे सुमारे 95 अणू 32 वस्तुमानाचे आणि चारपेक्षा थोडे जास्त 34 वस्तुमानाचे. हे प्रमाण दगडादगडात किंचित हलतं. फरक इतका बारीक की तो टक्क्यात न सांगता दर हजारी सांगतात, तोही एका ठरलेल्या नमुन्याशी ताडून. तो नमुना मुळात ॲरिझोनातल्या कॅन्यन डायब्लो उल्केतल्या ट्रॉइलाइटचा, म्हणजे लोखंडाच्या सल्फाइडचा. तुझं शून्य ते हे. मॅन्टलमधून, म्हणजे पृथ्वीच्या कवचाखालच्या थरातून, आलेलं गंधक या शून्याच्या आसपास असतं. आजच्या समुद्राच्या पाण्यातलं सल्फेट अधिक 21च्या जवळ. आणि ऑक्सिजन नसलेल्या गाळात जिवाणू सल्फेट वापरतात तेव्हा त्यांना हलका 32 सोपा पडतो, त्यामुळे त्यांच्याकडून तयार होणारं सल्फाइड उणे वीस-तीसपर्यंतही उतरतं. पुस्तकातलं वाक्य या तीन आकड्यांवर उभं आहे.

पण हट्टीला ते वाक्य पुरत नाही. तिथल्या रीफ, म्हणजे सोन्याच्या शिरा, ज्या खडकात आहेत तो स्वतःच एके काळचा बेसाल्ट. वय अडीचशे कोटी वर्षांच्या आसपास किंवा त्याहून जास्त, पुढे दाबाखाली आणि उष्णतेत त्याचं ॲम्फिबोलाइट झालं. तुझ्या तुकड्याच्या कडेचा काळपट हिरवा खडक बहुधा तोच. त्याच्यातलं गंधक मुळात मॅन्टलचंच. आता गरम पाण्याने त्या खडकातलं गंधक धुऊन शिरेत आणलं तरी आकडा शून्याजवळ येणार आणि मॅग्मातून थेट आलं तरी शून्याजवळच येणार. दोन्हींत फरक करायला हा आकडा अपुरा आहे. शिवाय शीर भरणारं पाणी ऑक्सिडीकरण करणारं असेल आणि गंधकाचा काही भाग सल्फेट झाला, तर जड 34 सल्फेटकडे जातो आणि उरलेलं सल्फाइड हलकं होतं. स्रोत तोच, पण आकडा उणे! म्हणून सोबत कोणती खनिजं आहेत ते बघितल्याशिवाय मी गंधकाच्या आकड्यावर कधी बोलत नसे. हेमॅटाइट (लोखंडाचं ऑक्साइड) किंवा बराइट (बेरियमचं सल्फेट) दिसलं की सावध व्हायचं.

सोन्याबद्दल लोक हमखास विचारतात. सोन्याला निसर्गात एकच आयसोटोप आहे, 197. प्रमाण काढायला किमान दोन लागतात. म्हणून सोन्याचा आयसोटोप मोजून सोन्याचं गाव काढता येत नाही, त्याच्यासोबत आलेल्यांना विचारावं लागतं. तुझ्या दगडात ते काम आर्सेनोपायराइटमधलं गंधक आणि क्वार्ट्झमधला ऑक्सिजन करेल. (तो तुकडा तापवू नकोस आणि घरात त्याची पूड करू नकोस. आर्सेनिक आहे त्यात.)

शिसं जास्त बोलकं आहे. त्याचे चार स्थिर आयसोटोप: 204, 206, 207, 208. पृथ्वी झाली तेव्हा जितकं 204 होतं तितकंच आजही आहे. 206 आणि 207 युरेनियमपासून वाढत जातात, 208 थोरियमपासून. गॅलेना म्हणजे शिशाचं सल्फाइड. त्याच्या स्फटिकात युरेनियम-थोरियम जवळजवळ शिरतच नाहीत, त्यामुळे गॅलेना तयार झालं त्या वेळचं प्रमाण त्यात तसंच राहतं. 1938मध्ये आल्फ्रेड नीअरने वेगवेगळ्या खाणींतलं शिसं मोजून ते सगळीकडे सारखं नसतं हे दाखवलं. 1946मध्ये होम्स आणि हाउटरमान्स या दोघांनी स्वतंत्रपणे त्यावरून वय काढायची रीत बसवली. 1956मध्ये क्लेअर पॅटरसनने पृथ्वीचं सुमारे 455 कोटी वर्षं हे वय काढलं तेही शिशावरून, आणि त्यातही कॅन्यन डायब्लोचं शिसं होतं.

राजस्थानातल्या रामपुरा-आगुचा आणि राजपुरा-दरीबाच्या गॅलेनाचं मॉडेल वय, म्हणजे या रीतीने काढलेलं वय, साधारण 180 कोटी वर्षं येतं, जावरचं 170 कोटींच्या आसपास. आता अमेरिकेत मिसुरीतल्या जॉप्लिनकडचं गॅलेना बघ. त्याला तेच गणित लावलं तर वय भविष्यातलं येतं. गणित चुकलेलं नाही. त्या शिशात 206ची जादा भर आहे, म्हणजे ते एका जागी बसलेलं शिसं नाही. युरेनियम असलेल्या जुन्या कवचाच्या खडकांतून खारट पाणी लांबवर फिरलं आणि जाता जाता शिसं उचलत गेलं. आकडा वय म्हणून निरुपयोगी आहे, पण वाटेचा पुरावा म्हणून पक्का. मला हे अजूनही विलक्षण वाटतं.

राहिलं पाणी. हट्टीच्या क्वार्ट्झचा कागदासारखा पातळ काप काढून सूक्ष्मदर्शकाखाली ठेवलास तर त्यात बारीक पोकळ्या दिसतील. त्यांत शीर भरतानाचं पाणी अडकलेलं असतं, आणि अशा सोन्याच्या शिरांत बहुतेक वेळा सोबत कार्बन डायऑक्साइडही. काही पोकळ्यांत एक छोटा बुडबुडा थरथरताना दिसतो. तापवायच्या मंचावर काप हळूहळू गरम करत जायचा. बुडबुडा आकसत जातो आणि एका तापमानाला नाहीसा होतो. क्वार्ट्झ त्या तापमानाला किंवा त्याच्या वर तयार झालं, असं धरायचं. हे तापमान हातात नसेल तर ऑक्सिजनचा आकडा वाया जातो. समज क्वार्ट्झमधल्या जड ऑक्सिजनचा आकडा अधिक 13 आला (हाही दर हजारी, पण इथलं शून्य समुद्राच्या पाण्याचं). क्वार्ट्झ नेहमी आपल्या पाण्यापेक्षा जड असतं, पण किती जड ते तापमानावर ठरतं: 300 अंशांना फरक सातेक, 200 अंशांना साडेअकराच्या आसपास. म्हणजे 300ला पाणी अधिक 6, आणि 200ला अधिक दीड. अधिक 6 मॅग्माच्या पाण्याच्या पट्ट्यात बसतं, पण खोलवर खडक तापून त्यातून सुटलेल्या पाण्याच्या पट्ट्यातही बसतं. अधिक दीड आलं तर पावसाचं पाणी खाली जाऊन खडकाशी देवघेव करून आलं, हा संशय घ्यावा लागतो. एकच दगड, एकच मोजमाप, आणि तापमान बदललं की गोष्ट बदलली.

तुझ्या विहिरीची शीर मात्र वेगळ्या जातीची. आपला कातळ दख्खनच्या लाव्ह्याचा, सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वीचा. त्यातल्या भेगांत आणि पोकळ्यांत नंतरच्या पाण्याने कॅल्साइट, झिओलाइट, गारगोटी भरली. आधी ओळख पटव. तुकड्याने काच ओरखडते का बघ. ओरखडली तर क्वार्ट्झ. नाही ओरखडली तर थोडी पूड करून लिंबू पीळ. फसफसलं तर कॅल्साइट. मग पुढचं बोलू.

बार्शीकर, तुमच्या प्रश्नाचं थोडक्यात उत्तर: हो, लागू होतात. पावसाच्या पाण्यात जड ऑक्सिजन आणि जड हायड्रोजन एका ठरावीक नात्याने बदलतात. हार्मन क्रेगने 1961मध्ये ती रेषा मांडली. धरणात साठून, ऊन खाऊन आलेलं पाणी बाष्पीभवनामुळे त्या रेषेपासून बाजूला सरकतं. विहिरीत कालव्याचं पाणी भरपूर येत असेल तर ते आकड्यांत दिसायला हवं. पण पाऊस, कालवा आणि विहीर, तिन्हींचे नमुने वर्षातल्या वेगवेगळ्या वेळी घ्यावे लागतील. एका बाटलीवर शिवारातला वाद मिटवू नका.

मासस्पेक_हैदराबाद

मी मूळचा सोलापूरचाच, सध्या हैदराबादला आयसोटोपच्या प्रयोगशाळेत आहे. काकांनी सगळं मांडलंय, मी फक्त मोजायची बाजू सांगतो.

कॅल्साइट असेल तर कार्बन आणि ऑक्सिजन एकाच वेळी निघतात. डेंटिस्टच्या ड्रिलसारख्या बारीक ड्रिलने थरातून चिमूटभरापेक्षाही कमी पूड काढायची आणि तिच्यावर फॉस्फोरिक ॲसिड सोडायचं. सुटलेला कार्बन डायऑक्साइड थेट मास स्पेक्ट्रोमीटरमध्ये जातो. हे तुलनेने स्वस्त आणि झटपट.

स्ट्रॉन्शियम हे कॅल्शियमसारखं मूलद्रव्य, कॅल्साइटात थोडं असतं आणि त्याचे आयसोटोपही स्रोत सांगतात. पण त्याला वेळ लागतो. पूड सौम्य ॲसिटिक ॲसिडमध्ये विरघळवतो, म्हणजे फक्त कॅल्साइट विरघळावं आणि सोबत आलेला बेसाल्टचा कण तसाच राहावा. मग ते द्रावण बोटाएवढ्या नळीतल्या रेझिनवरून थेंबाथेंबाने सोडायचं. आधी बाकीचं सगळं उतरतं, मग ॲसिडची तीव्रता बदलली की स्ट्रॉन्शियम उतरतं. इथे घाई केली की खेळ संपला, कारण रुबिडियम-87 आणि स्ट्रॉन्शियम-87 यांचं वस्तुमान जवळपास एकच. यंत्र त्या दोघांना वेगळं करू शकत नाही, ते रसायनानेच करावं लागतं. उरलेला थेंब धातूच्या बारीक पट्टीवर वाळवतो आणि ती पट्टी यंत्रात तापवतो. दर खेपेला एनबीएस 987 हे प्रमाणित स्ट्रॉन्शियमही सोबत मोजतो. त्याचं उत्तर 0.7102च्या पुढे जिथे यायला हवं तिथे आलं नाही तर त्या दिवशीचे आकडे कुणाला देत नाही.

गॅलेनाचं शिसं मोजताना तर धुळीची भीती जास्त. आपल्या हवेतल्या धुळीतही शिसं असतं. पॅटरसनने अतिस्वच्छ प्रयोगशाळेचा आग्रह धरला तो त्यामुळेच.

सायली, नमुना पाठवताना शिरेच्या कडेपासून मध्यापर्यंत सलग तुकडा ठेव. आधी वाढलेला थर कोणता आणि नंतरचा कोणता ते त्यावरून कळतं. पोकळीतले सुंदर स्फटिक सगळे पाठवतात, पण ते सगळ्यात शेवटचे असतात.

सायली_अक्कलकोट

काका, दादा, खूप खूप आभार. चाचण्या केल्या. काच ओरखडली नाही, लिंबाने पूड फसफसली, आणि तोडलं की तिरक्या बाजूंचे ठोकळे पडतात. म्हणजे कॅल्साइट पक्कं.

मी प्रबंधासाठी हाच विषय मागणार आहे, पण पैसे मोजकेच मिळतील. कार्बन-ऑक्सिजन स्वस्त आहे तर तेवढ्यावरच भागेल का? माझा अंदाज असा: कार्बन शून्याजवळ आला तर तो समुद्रातल्या चुनखडकाचा, फार उणे आला तर मातीतल्या सेंद्रिय पदार्थाचा. इतकं पुरेसं नाही का?

खाणकाका_होटगीरोड

सायली, दुसऱ्या कुठे कदाचित पुरलं असतं, आपल्या भागात पुरणार नाही. कारण रानात उभं आहे बघ.

तूर, कापूस, बहुतेक झाडं एका प्रकारे कार्बन घेतात. त्यांचा आकडा उणे 27च्या आसपास. ज्वारी आणि कोरड्या माळावरची बरीच गवतं दुसऱ्या प्रकारे घेतात, त्यांचा उणे 12 ते 14. मातीत तयार होणारं चुनखडीचं कार्बोनेट मुळांभोवतीच्या कार्बन डायऑक्साइडपेक्षा चौदा-पंधरा अंकांनी जड असतं. म्हणजे ज्वारीच्या आणि गवताच्या मातीतलं कार्बोनेट शून्यापाशी किंवा किंचित वर जाऊन बसतं, आणि समुद्रातला चुनखडकही शून्यापाशीच. दोघांचा आकडा एक! मंगळवेढ्याच्या शाळूच्या रानातली चुनखडी आणि समुद्रतळाचा खडक कार्बनवरून वेगळे ओळखता येणार नाहीत. त्यात ही गवतं जगभर पसरली ती गेल्या सत्तर-ऐंशी लाख वर्षांत. तुझी शीर त्याआधीची असेल तर गवताची शक्यताच गळते, पण शिरेचं वय तुझ्या हातात नाही.

आणि समुद्रातला चुनखडक ही आपल्याकडे नुसती कल्पना नाही. घराघरांत जी शहाबादी फरशी आहे ती भीमा खोऱ्याच्या चुनखडकाची. कलबुर्गीकडे तो उघडा आहे आणि आपल्या बाजूला लाव्ह्याच्या थराखाली जातो. त्याच्याही खाली जुनं कवच. 1993च्या किल्लारीच्या भूकंपानंतर तिथे बोअर घेतलं तेव्हा सुमारे 340 मीटरवर बेसाल्ट संपला, मग गाळाचा पातळ थर आणि त्याखाली जुना नाइस, म्हणजे दाबाखाली आणि उष्णतेत बदललेला पट्ट्यापट्ट्यांचा खडक, लागला. म्हणजे तुझ्या शिरेतल्या कॅल्शियमचे उमेदवार चार: कातळ स्वतः, वरची माती, खालचा चुनखडक, सगळ्यात खालचा नाइस. अक्कलकोटखाली यांतलं नेमकं काय आहे हाच तर तुझ्या प्रबंधाचा प्रश्न.

म्हणून पैसे स्ट्रॉन्शियमवर घाल. रुबिडियम-87 फार हळूहळू स्ट्रॉन्शियम-87 होत जातं. कॅल्साइट कॅल्शियमच्या जागी स्ट्रॉन्शियम घेतं, रुबिडियम जवळजवळ घेत नाही. त्यामुळे ज्या पाण्यातून ते बसलं त्या पाण्याचं 87 आणि 86चं प्रमाण त्यात टिकून राहतं. दख्खनच्या बेसाल्टात हे बहुतेक ठिकाणी 0.704 ते 0.708. जुन्या नाइसमध्ये 0.71च्या बरंच वर. शिरेचा आकडा कातळाशी जुळला तर माल जागेवरचा, वर सरकला तर खालून पाणी आल्याचा संशय. मात्र पुस्तकातला बेसाल्टचा आकडा उचलून तुलना करू नकोस. सह्याद्रीतल्या बुशे थराचा लाव्हा वर येताना कवचात मिसळला, त्याचे आकडे 0.713च्या वर जातात. तुझ्या विहिरीतला कातळ तुलाच मोजावा लागेल.

चारच नमुने परवडत असतील तर असे घे: शिरेची कड, शिरेचा मध्य, विहिरीतला कातळ, आणि शहाबादचा चुनखडक. चुनखडकाचा आकडा बेसाल्टच्या पट्ट्यात येऊन बसला तर स्ट्रॉन्शियमही त्या दोघांना वेगळं करणार नाही, हे आधी कळलेलं बरं. तो तुकडा खाणीवरून ताजा आण, घरातल्या फरशीचा नको. तिच्यावर सिमेंट, फिनेल, सगळं बसलेलं असतं. आणि कातळाचा तुकडा शिरेपासून दोन-तीन हात लांबून घे. शिरेला लागून असलेला दगड त्याच पाण्याने बदललेला असतो, तो मोजलास तर शीर तिच्याशीच ताडल्यासारखं होईल.